गावाला काय हवं ते कसं विचारायचं? (पंचायतीचा घरोघरी सर्व्हे)

जांबोटीरोड

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. नाव नको. तीन वाड्या मिळून दोनशेच्या आसपास घरं. पंचायतीला पुढच्या वर्षाचा विकास आराखडा करायचाय. तसा तो दरवर्षीच असतो. पण आमच्या वॉर्डाचे सदस्य, म्हणजे माझे चुलतकाका, यंदा म्हणाले, "दरवर्षी मी आणि पंचायतीचा बिल कलेक्टर चहा पिता पिता यादी करतो. गटार, रस्ता, परत गटार. यंदा लोकांना विचारून करूया की गा. तू लॅपटॉपवाला, तूच कर." मी बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, शनिवारी गावी जातो. हौसेनं ३४ प्रश्नांचा मराठी फॉर्म केला. होय/नाहीचे चौकोन, खाली शेरा, अगदी कारखान्यातल्या चेकलिस्टीसारखा.

पहिल्या शनिवारी अकरा घरं झाली. सातव्या घरात एक आज्जी गोठ्यात होती.

"आज्जी, दारात नळ हाय काय?"

"हाय की."

मी चौकोनात टिक केली. दिवे, संडास, गॅस, सगळ्याला "हाय की". शेवटी विचारलं, गावात काय कमी आहे? म्हणाली, "काय न्हाई बाबा, सगळं बरं चाललंय." बाहेर पडताना बघतो तर नळाच्या सिमेंटच्या खांबाला म्हैस बांधलेली. दावं तोटीच्या मानेला दोनदा गुंडाळून गाठ मारलेली, आणि तोटीवर वाळलेलं शेण.

"आज्जी, म्हस नळाला?"

"मग? पाणी तर येत न्हाई. खांब घट्ट हाय, म्हस तरी ऱ्हाऊदे."

माझ्या कागदावर त्या घराला पाणी होतं.

दुसरी गंमत म्हणजे "गावाला काय हवं" या प्रश्नाला अकरापैकी नऊ घरांनी एकच उत्तर दिलं, देवळासमोर सभागृह. नऊ घरांना खरंच सभागृह हवंय? मला वाटतं, शेजारच्या गावात झालंय आणि आमदार फंडातून मिळतं हे माहीत आहे, म्हणून मागतात. देणाऱ्याच्या पोतडीत जे दिसतं तेच मागायचं, असं काहीतरी.

तर कसं विचारावं? कोणी विचारावं? आणि विचारून झाल्यावर तो गठ्ठा पंचायतीच्या कपाटात जाऊ नये म्हणून काय करावं? अनुभवी लोकांनी सांगा.

काजूबोंडू

पहिल्यांदा ३४चे ७ प्रश्न करा. लोकांना कामं आहेत.

पाणीवाला_इंजिनिअर

म्हशीचा फोटो काढला असेल तर जपून ठेवा, माझ्या अख्ख्या नोकरीत याहून चांगला रिपोर्ट बघितला नाही.

तुमचा प्रश्नच चुकला. नळ ही वस्तू आहे, पाणी येणं ही घटना आहे. वस्तूबद्दल विचारलं की होय किंवा नाही एवढंच येतं. जलजीवन मिशन २०१९मध्ये सुरू झालं, त्याचा हिशेब दर माणशी रोज ५५ लिटर असा आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. कळशी बारा लिटरची धरली तर तेवीस कळश्या. म्हणून विचारायचं असं : काल पाणी किती वाजता आलं? किती कळश्या भरल्या? आलं नसेल तर कुठनं आणलं, कोण गेलं? "काल" हा शब्द महत्त्वाचा. "रोज येतं का" म्हटलं की माणूस सरासरी काढायला लागतो आणि सरासरीत खोटं शिरतं.

आणि हे एप्रिलमध्ये विचारा. श्रावणात आपल्या भागात पाणी नाही असं कोण म्हणणार? मलप्रभा तिथंच वर कणकुंबीला उगवते.

जांबोटीरोड

फोटो आहे. म्हशीनं पोजही दिलीय. एप्रिलपर्यंत थांबता येणार नाही, आराखडा त्याआधी अपलोड व्हायला हवा. पण "मागच्या एप्रिलात कुठनं आणलंत" असं विचारता येईल.

रेशनकार्ड_पिवळं

साहेब, तुम्ही कागद घेऊन दारात उभे राहिलात की घरातली बाई पहिल्यांदा काय विचार करते माहीत आहे काय? आता कार्ड जाणार! मोटारसायकल गोठ्यात ढकलतात. आमच्या गल्लीत एकानं फ्रीजवर चादर टाकलीवती. २०२५च्या सप्टेंबरात मागासवर्ग आयोगाचा सर्व्हे झाला, मास्तर लोक दारोदारी फिरत होते. ६० प्रश्न, दारावर स्टिकर. लोक अजून त्याच थकव्यात आहेत. परत तुम्ही आलात ३४ प्रश्न घेऊन. तुमच्या फॉर्मात नाव, आधार, जमीन, उत्पन्न असं काही आहे काय?

जांबोटीरोड

नाव आणि जमीन आहे. उत्पन्नही आहे.

रेशनकार्ड_पिवळं

काढा ते. गटार कुठं तुंबलंय हे कळायला माझी गुंठेवारी कशाला लागते?

माजी_सदस्य

मी दोन टर्म सदस्य होतो, पक्ष विचारू नका. काम कसं चालतं ते सांगतो, तुमच्या काकांनाही वाचायला द्या.

आपल्याकडं साधारण ४०० लोकसंख्येमागं एक सदस्य. कायद्यानं आधी वॉर्ड सभा, तिच्यात गरजा आणि लाभार्थी ठरायचे, मग ते सगळं ग्रामसभेत, मग पंचायतीत. वॉर्ड सभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. होते काय? वहीत होते. बिल कलेक्टर वही घेऊन घरोघर सह्या घेतो. "सबकी योजना, सबका विकास" ही मोहीम २ ऑक्टोबर २०१८ला सुरू झाली, तेव्हापासून फोटो लागतो, म्हणून आता शाळेच्या व्हरांड्यात वीसजणं बसवून एक फोटो काढतात. बाकी तेच.

आता पैशाचं बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात २०२१-२२पासून पाच वर्षं ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली. उरलेल्या ४० टक्क्यांत पंचायतीनं आपल्या गरजेचं काम करायचं, त्यातनं पगार काढायचा नाही. म्हणजे म्हशीच्या नळासाठी पैसा नव्हता असं कोणी म्हणालं तर पटू देऊ नका. मग गटारच का होतं? गटाराचं एस्टिमेट तयार असतं. लांबी बदलली की झालं. नळाला पाणी का येत नाही हे शोधायला माणूस चढावर पाठवायला लागतो, व्हॉल्व बघायला लागतो, मोटार कितीची बसवलीय ते तपासायला लागतं. त्यात कोणाला काय मिळतंय?

सभागृहाचं मात्र तुमचं थोडं चुकतंय. लग्नाला मांडव घालायला काय पैसे लागतात ते गरिबाला विचारा. मागू नये असं नाही. फक्त ते कुठल्या पैशातनं मागायचं एवढं कळायला हवं.

सुगरण_खानापूरची

मी आशा म्हणून काम केलो आहे, म्हणून बोलतो. (आमच्याकडं बायका "गेलो", "आलो"च म्हणतात, पुण्या-मुंबईच्यांनी हसू नये.)

शनिवारी सकाळी दारात कोण भेटतं? म्हातारे आणि कट्ट्यावरचे बाप्ये. बायका शेतात, नाहीतर बेळगावला कामाला. संध्याकाळी सातनंतर जावा, भाकरी थापायच्या वेळी, आणि संगं एक बाई न्या. बाप्यासमोर बाई बोलणारच न्हाई. आणि सुगीत जाऊ नका, कोणी हाकलून दिलं तर बोल लावू नका.

आमच्या गावात एकदा डॉक्टरबाईंनी बायकांना विचारलं, काय हवं? सगळ्या गप. मग त्यांनी दुसरं विचारलं, "काल रात्री बाहेर जायला कोण भ्यालं?" मग जे सुरू झालं ते आठ वाजेपर्यंत. वाडीच्या वळणावरचा दिवा गेलाय, तिथनं पोरी सहाच्या बसनं उतरून येतात, कुत्री हायत, गवे येतात, आणि दोन पोरं हायत ती गव्यापेक्षा वाईट. दिव्याचा हा विषय पंचायतीच्या वहीत कुठंच नव्हता. एका बल्बाचं काम!

आणि बसचं विचारा. ११ जून २०२३पासून बायकांना बस फुकट. चांगलं झालं, मी स्वतः फिरलो. पण आमच्या वाडीला दिवसाला दोनच गाड्या, त्यातली एक पावसात वळणापर्यंतच येते. फुकटची बस हाय, ती यायला पायजे की. कॉलेजच्या पोरीचा पहिला तास रोज बुडतो आणि घरचे म्हणतात, "मग जायालाच कशाला?" फॉर्मात लिहा, "शिक्षण का सोडलं?" खाली पर्याय देऊ नका. पर्याय दिले की "आवड नाही"वर टिक करतात.

जांबोटीरोड

ताई, तुमची पोस्ट काकीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मी येतो तुझ्यासंगं." तिचाही आमच्यासारखाच "येतो".

सीमावासी१९५६

मूळ मुद्द्याला कोणी हातच लावत नाही. फॉर्म तुम्ही मराठीत केलात, अभिनंदन. पंचायतीत नोटीस कुठल्या भाषेत? ठराव कुठल्या भाषेत? १ नोव्हेंबर १९५६पासून आम्ही हेच भोगतोय. तालुक्यात बहुसंख्य मराठी, आणि माणूस सही करतो त्या कागदावर काय आहे ते त्याला वाचता येत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असले तरी महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत मिळायला हव्यात, असं केंद्राचं धोरण आहे. आम्ही १५ टक्के आहोत काय? गरजा विचारताय ना, मग पहिली गरज ही लिहा.

हुबळीएक्स्प्रेस

झालं, आला सीमाप्रश्न. आता पुढचे ८० प्रतिसाद त्यावरच.

सीमावासी१९५६

तुम्हाला झोंबत असेल तर

संपादक

दोघांनाही विनंती, सीमाप्रश्नाचे धागे इथं भरपूर आहेत. कागदपत्रांच्या भाषेचा मुद्दा मात्र इथं लागू आहे, त्यावर बोला.

माजी_सदस्य

सीमावासींचा मुद्दा बरोबर आहे, राग बाजूला ठेवून बघा. ठराव-बुक कन्नडमध्येच असतं. माझ्या वयाच्या सदस्यांना बोललेलं कन्नड कळतं, लिहिलेलं अडखळत. वॉर्ड सभेत मराठीत चर्चा होते, सेक्रेटरी कन्नडमध्ये लिहितो, आपण खाली सही ठोकतो. मी दहा वर्षं ठोकल्या, खोटं कशाला बोलू?

मराठी प्रत लेखी अर्ज करून मागाच. पण ती मिळेपर्यंत एक करा. आपली पोरं शाळेत कन्नड शिकलेली आहेत, फडाफडा वाचतात. सभेत सह्या करायच्या आधी एका पोराला उभं करा, ठराव मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

थेम्सकाठचा_कडोलकर

लांबून लिहितोय. मूळचा कडोलीचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडातल्या एका खेड्यात. इथं गावाला पॅरिश म्हणतात. शब्द चर्चचा, पण १८९४च्या कायद्यानं गावचा कारभार चर्चकडून काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडं दिला. आपल्या पंचायतीपेक्षा किती लहान कारभार असतो सांगू? बागेतली बाकडी, स्मशानभूमी, बसथांबा, खेळाचं मैदान. त्यासाठी घरपट्टीसारख्या करात गावाचा वेगळा वाटा असतो, त्याला प्रिसेप्ट म्हणतात. २०११च्या कायद्यानं गावाला स्वतःचा विकास आराखडा करून त्यावर सार्वमत घ्यायचाही हक्क मिळाला.

तर आमच्या पॅरिशनं लोकांच्या गरजांचा सर्व्हे केला. दाराच्या फटीतून फॉर्म पडला, सोबत परतीचं पाकीट, नाव लिहायची गरज नाही. बरेचसे प्रश्न कंटाळवाणे. एक मात्र मला अजून आठवतो : "तुमच्या घरातलं कोणी परवडणारं घर न मिळाल्यामुळं गाव सोडून गेलंय का? त्यांना परत यायचंय का?" आणि त्या गेलेल्या माणसासाठी वेगळा फॉर्म मागवायची सोय. म्हणजे जे गावात नाहीत त्यांनाही मोजलं. माझी शेजारीण, सत्तरीची, फॉर्म भरताना रडली. मुलगा दीड तासावर राहतो, गावात घर घेणं त्याच्या आवाक्याबाहेर.

इथलं सगळं छान असतं असं समजू नका. त्या सर्व्हेनंतर चार घरं बांधायची ठरली तर ज्यांनी "तरुणांना घरं हवीत" यावर टिक केली होती तेच "माझ्या खिडकीसमोर नकोत" म्हणून सभेत भांडले.

कडोलीत असताना मला कोणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा विचार करतोय.

काजूबोंडू

खिडकीसमोर नको! आमच्याकडं कचऱ्याच्या शेडचं अगदी हेच झालं. सगळ्यांना शेड पायजे, दुसऱ्याच्या गल्लीत.

जांबोटीरोड, कडोलकरांची आयडिया उचला. आपली निम्मी पोरं गोव्यात, उरलेली पुण्यात. गणपतीला सगळी येतात. पाच दिवस घरोघर आरतीला फिरताच, तेव्हाच विचारा.

भीमगडचा_पायवाटी

आम्ही अभयारण्याच्या आतले. भीमगड २०११ला अभयारण्य झालं. आमच्याकडं विचारायला येतात ते एकच विचारतात, गाव सोडून बाहेर जाणार काय? होय की नाही. त्या दोन शब्दांत आमचं काय मावणार?

पावसात माणूस आजारी पडला तर बांबूला घोंगडं बांधून झोळी करतो, चौघं खांदा देतात, ओढ्यापर्यंत. माझा आज्जा असाच नेला. वाटेत तोच आम्हाला म्हणत होता, "दमलासा काय रे? टेकवा जरा." ज्याला जायचंय त्याला जाऊ दे, माझंही मन कधी कधी जाऊयाच म्हणतं. पण जाईपर्यंतची जी दोन-चार वर्षं आहेत त्यात ओढ्यावर साकव हवा काय, हे कोणी विचारलेलं नाही. रस्ता म्हटलं की वनखातं, लाईट म्हटलं की वनखातं. तुम्हाला निदान गटार तरी मिळतंय.

फॉर्मात एक प्रश्न टाकाच : घरात शेवटचं कोण आजारी पडलं, आणि त्याला दवाखान्यात कसं नेलं?

सुगरण_खानापूरची

हा प्रश्न मी माझ्या वहीत लिहून घेतलो.

हुबळीएक्स्प्रेस

पायवाटी, वाचून गप्प झालो.

पुस्तकी_कीडा

केरळनं १९९६ला लोकयोजना काढली तेव्हा राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा सरळ पंचायती-नगरपालिकांकडं दिला आणि मग गावोगावी ग्रामसभा घेतल्या. आधी पैसा, नंतर प्रश्न. आपल्याकडं प्रश्न आधी विचारतात आणि पैसा कुठून यायचा ते पुढं बघू. लोक गंभीरपणे उत्तर देत नाहीत त्याचं हेही कारण असेल.

जांबोटीरोड

मंडळी, धागा वर काढतोय. सांगण्यासारखं झालंय.

३४चे ७ प्रश्न केले. नाव, जमीन, उत्पन्न, सगळं उडवलं. काल पाणी कधी आलं आणि किती कळश्या. रात्री कुठं जायला भीती वाटते. शाळा-कॉलेज कोणी सोडलं आणि का. शेवटचं आजारपण आणि दवाखान्याची वाट. घरचं कोण बाहेर आहे, काय असतं तर इथं राहिलं असतं. गेल्या वर्षी पंचायतीत कशासाठी हेलपाटे घातले. आणि शेवटी, आम्ही काय विचारायचं विसरलो?

शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त लिहून मिळालं. एकानं सांगितलं, स्मशानाला शेड नाही, पावसात ताडपत्री धरून उभं राहायला लागतं. ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर दरवर्षी घडतं, आणि माझ्या ३४ प्रश्नांत नव्हतं. हेलपाट्यांच्या प्रश्नाला बहुतेक घरांतनं घराच्या उताऱ्याचंच आलं, फॉर्म ९ आणि ११. त्यावर वेगळा धागा काढायला लागेल.

काकी आणि मी संध्याकाळी फिरलो. काकी चुलीजवळ बसायची, मी उंबऱ्यावर. मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात बायका बोलायच्या, म्हणजे मला सांगितलंही नाही आणि सांगितलंही. बाहेर गेलेल्यांचं मात्र अर्धवट राहिलं. गणपतीला अजून वेळ आहे, तेव्हा करू.

मग वॉर्ड सभा. फोटोपुरती नव्हे, खरीच झाली, शाळेच्या व्हरांड्यात. दीड तास मराठीत भांडलो. शेवटी क्रम ठरला : वरच्या वाडीचं पाणी, वळणावरचा दिवा, स्मशानशेड, आणि सभागृह चौथं. सभागृहवाले नाराज झाले, पण हात वर करून मोजले होते. सेक्रेटरींनी ठराव लिहिला, सह्यांसाठी वही फिरायला लागली. माजी_सदस्यांचं ऐकून मी बी.ए.ला असलेल्या एका पोरीला उभं केलं. तिनं कन्नड वाचलं आणि मराठीत सांगायला थांबलीच. "काका, ह्यात एक नंबरला सभागृह हाय."

व्हरांडा गप. सेक्रेटरी म्हणाले, मागच्या वर्षाचं बघून लिहिताना चुकून तसंच उतरलं. असेल. खोडलं, वर नव्यानं लिहिलं, बाजूला सही केली. पोरीनं परत वाचलं. मग बाकीच्यांनी सह्या केल्या. मराठी प्रतीचा अर्जही त्याच दिवशी दिला, पोच घेतलीय.

पुढच्या आठवड्यात पाण्याचा माणूस चढावर गेला. वरच्या वाडीला जाणारा व्हॉल्व मातीत गाडला गेला होता, कोणालाच माहीत नव्हता. उकरला. आता एक दिवसाआड पाऊण तास येतंय. तेवीस कळश्या होत नाहीत, चौदा-पंधरा होतात. दिवा अजून नाही.

पाणीवाला_इंजिनिअर

गाडलेला व्हॉल्व! वाटलंच होतं. आता मोटारीची ताकद आणि टाकीची उंची लिहून पाठवा, उरलेल्या आठ कळश्यांचं बघू.

माजी_सदस्य

त्या पोरीला पुढच्या ग्रामसभेलाही न्या. तिथं वही मोठी असते.

काजूबोंडू

ते सगळं ठीक. आज्जी म्हैस आता कुठं बांधते?

जांबोटीरोड

शेजारच्या घराच्या नळाला. तिथं अजून पाणी आलेलं नाही.